मोडलेल्या दुर्बिणीची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या नागपूरचा झीरो माइल सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तो दगडी स्तंभ आणि ते घोडे दाखवतो, ‘हा देशाचा मध्य’ असे थोड्या अभिमानाने सांगतो आणि मग संत्र्याच्या बर्फीकडे वळतो. तिथे ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ची १९०७ सालची खूण आहे, हे मात्र फारसे कुणी वाचत नाही. समुद्रसपाटीपासून तिची उंची दिली आहे १०२०.१७१ फूट. फुटाचा हजारावा भागसुद्धा सोडलेला नाही. इतकी बारीक मोजणी करायची तर तशी हत्यारे हवीत. हत्यारे म्हटली की ती पडतात, वाकतात, बिघडतात आणि कुणीतरी ती दुरुस्त करतो. आजचे माझे बोलणे जुन्या लष्करी दुर्बिणी, थिओडोलाइट अशी भिंगाची हत्यारे दुरुस्त करणाऱ्या हातांविषयी आहे.

मी कवितेचा माणूस. मला लेथ चालवता येत नाही की भिंग घासता येत नाही. पण शब्द उलटून-पालटून पाहायची खोड आहे. ‘दुर्बीण’ हा शब्द घ्या. फारसीत ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. ‘दुरुस्त’ हाही फारसीतलाच, त्याचा अर्थ नीट, बरोबर. लाकूड आणि धातू कातणारा ‘खरादी’ही त्याच वाटेने आपल्याकडे आला. ही मंडळी मराठीत इतकी रुळली आहेत की आता त्यांना पाहुणे म्हणवत नाही. पाहणे, कातणे आणि नीट करणे ही तीन कामे जिथे एकत्र येतात, तिथेच आपली गोष्ट सुरू होते.

ही गोष्ट विल्यम लँबटन या लष्करी अधिकाऱ्याची आहे. तो ३३ व्या पायदळ पलटणीतला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्यानंतर लँबटनने दक्षिण हिंदुस्थानची त्रिकोणमितीने मोजणी करण्याची योजना मांडली. या माणसाचा एक डोळा जवळजवळ निकामी होता. तरुणपणी काळी काच न लावता सूर्यग्रहण पाहिले, त्याचा तो परिणाम. तरी त्याने पुढची वीस वर्षे एका डोळ्याने दुर्बिणीतून पाहण्यात घालवली.

त्याच्यासाठी लंडनच्या विल्यम कॅरीने एक थोरला थिओडोलाइट बनवला. रस्ता मोजणारे लोक तिपाईवर दुर्बीण ठेवून बघताना आपण पाहिले असतील. थिओडोलाइट म्हणजे तेच हत्यार, पण हा म्हणजे त्या जातीतला हत्ती. वजन सुमारे अर्धा टन. दुर्बिणीखाली आडवे पितळी वर्तुळ, त्याचा व्यास ३६ इंच. त्या वर्तुळाच्या कडेवर अंश आणि कला कोरलेल्या. हे हत्यार घेऊन निघालेले जहाज फ्रेंचांनी पकडले आणि मॉरिशसला नेले. शत्रूचे लष्करी हत्यार हाती लागले होते. पण ते शास्त्राच्या कामाचे आहे हे ओळखून तिथल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी ते मद्रासला पाठवून दिले. १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणीचे काम सुरू झाले.

पुढे १८०८ साल उजाडले. तंजावरच्या सपाट मुलखात उंच जागा कुठली मिळणार? म्हणून मोठ्या देवळाच्या उंचीचा उपयोग करायचे ठरले. दोराने हत्यार वर चढवायला सुरुवात झाली आणि मध्येच दोर तुटला. अर्धा टन पितळ देवळाच्या भिंतीवर आदळले. वर्तुळाची कड वाकली, तिला धरून ठेवणारे आरे वेडेवाकडे झाले.

श्रोतेहो, हे नुकसान किती मोठे होते ते कळायला थोडा हिशेब करू या. ३६ इंचांच्या वर्तुळावर एक अंश म्हणजे साधारण आठ मिलिमीटर, आपल्या करंगळीच्या नखाएवढा. त्या अंशाचे साठ भाग केले की एक कला आणि कलेचे पुन्हा साठ भाग केले की एक विकला. या वर्तुळावर एका विकलेची जागा किती? मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सव्वादोन. माणसाच्या केसाची जाडी त्याच्या तीसपट भरेल. मोजणी विकलांमध्ये चालायची आणि वाकले होते ते डोळ्यांना सहज दिसेल इतके. पाहणाऱ्यांनी ठरवून टाकले की हे हत्यार आता मोडीत गेले.

लँबटनने ते त्रिचनापल्लीला नेले. तिथे लष्कराच्या तोफखान्याचे कारागीर होते. त्याने तंबूत स्वतःला जवळजवळ कोंडून घेतले. एका मोठ्या सपाट फळीवर हव्या त्या मापाचे वर्तुळ कापले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून वाकलेली कड हळूहळू ओढत त्या वर्तुळात बसवली. वाकलेले आरे लाकडाच्या छोट्या हातोड्यांनी ठोकून सरळ केले. लोखंडी हातोडा मुद्दामच वापरला नाही, कारण लोखंडाचा घाव पितळेवर उमटतो. सहा आठवडे हे चालले होते. शेवटी हत्यार जवळजवळ पहिल्यासारखे झाले. ‘जवळजवळ’ हा शब्द ध्यानात ठेवा. आपल्या विषयाचा गाभा त्या एका शब्दात आहे.

वर्तुळ पूर्ण गोल राहिले नाही हे त्या लोकांनाही माहीत होते. मग त्यावर विश्वास कसा ठेवायचा? थिओडोलाइटवाल्यांचा उपाय मला फार आवडतो. एकच कोन ते पुन्हा पुन्हा मोजत. प्रत्येक वेळी वर्तुळ थोडे फिरवून, त्याच्या वेगळ्या भागावर वाचन घेत. वर्तुळ एका जागी जास्त दाखवत असेल तर दुसऱ्या जागी कमी दाखवणार. सगळ्या वाचनांची सरासरी काढली की खोट बऱ्याच अंशी फिटते. एव्हरेस्टने पुढे ही रीत फार काटेकोर केली. तरीही जिथे शंका उरली तिथे त्याने काम पुन्हा करून घेतले. बिदरपासून मध्य प्रदेशातल्या सिरोंजपर्यंतचा पट्टा नव्याने मोजला गेला. म्हणजे दुरुस्ती करणारा हत्यारात खोट नाही असे म्हणत नव्हता. खोट कुठे आणि किती आहे ते तो मोजून ठेवत होता.

हेच हत्यार आणि हाच कारभार घेऊन लँबटन हैदराबादेहून नागपूरकडे निघाला. तोवर या मोजणीला ‘ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हे’ असे नाव मिळाले होते. सीताबर्डीची लढाई १८१७ ची, कामठीची छावणी १८२१ ची. म्हणजे इंग्रजांचे बस्तान इथे नुकतेच बसत होते. पण लँबटन नागपूरला पोचला नाही. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. नागपूर तिथून पाऊणशे किलोमीटरवर होते. हिंगणघाटात त्याची कबर आहे. हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टचे. ज्याने पाया घातला तो आपल्या विदर्भाच्या काळ्या मातीत आहे आणि शाळेतल्या मुलांना त्याचे नावही ठाऊक नसते.

पण मला आज आणखी एका माणसाकडे यायचे आहे, कारण तो लँबटनहूनही जास्त विसरला गेला.

१८३० मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट विलायतेहून नवी हत्यारे घेऊन परत आला. सोबत हेन्री बॅरो नावाचा कसबी हत्यार बनवणारा होता. कलकत्त्याला हत्यारांची देखभाल आणि दुरुस्ती करणारे खाते उभे राहिले. त्या तंजावरच्या जखमी थिओडोलाइटची बॅरोने तिथे नव्याने बांधणी केली. पुढे बॅरोचे एव्हरेस्टशी बिनसले आणि तो गेला. त्याच्या जागेवर आला सय्यद मीर मोहसिन हुसेन. हा मूळचा अर्काटचा. मद्रासमध्ये एका जवाहिऱ्याच्या दुकानात घड्याळे दुरुस्त करायचा. १८२३ पासून १८२६ पर्यंत सर्व्हेअर जनरल असलेल्या व्हॅलेंटाइन ब्लॅकरच्या नजरेत त्याचे हात भरले आणि त्याने त्याला कलकत्त्याला आणले. विलायतेतल्या कुठल्याही कारखान्यात तो शिकला नव्हता. घड्याळाच्या चाकांवर हात बसलेला हा माणूस जगातल्या सर्वांत मोठ्या मोजणीची हत्यारे सांभाळू लागला. एव्हरेस्ट हा तापट माणूस होता. हाताखालच्या लोकांना झोडपून काढणारी त्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. त्याच एव्हरेस्टने मोहसिन हुसेनच्या बुद्धीची तारीफ सरकारला लेखी कळवली.

मोहसिन हुसेन माझ्या धर्माचा म्हणून मी हे सांगतो असे कुणी समजू नये. माणसे मोजणारी असोत की दुरुस्त करणारी, त्यांची नावे राहावीत एवढेच माझे म्हणणे आहे. हिमालयाची उंची काढण्यात मोठा वाटा असलेल्या राधानाथ सिकदारांचे नाव आता लोक घेऊ लागले आहेत. पण आकडे काढायला आधी कोन लागतात आणि कोन मोजायला नीट हत्यार लागते. ते नीट ठेवणाऱ्याचे नाव त्याच ओळीत यायला हवे.

कलकत्त्याचे ते खाते पुढे मॅथेमॅटिकल इन्स्ट्रुमेंट ऑफिस या नावाने ओळखले गेले आणि स्वातंत्र्यानंतर त्यातून ‘नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स’ ही सरकारी कंपनी झाली. दुसऱ्या महायुद्धात तोफा-बंदुकांना लागणारी भिंगे बनवण्यासाठी देहराडूनला कारखाना निघाला तो १९४३ मध्ये. आणि तो थोरला थिओडोलाइट आज देहराडूनलाच सर्व्हे ऑफ इंडियाकडे जपून ठेवला आहे.

आता थोडे आजच्या दुरुस्तीविषयी. युद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल ‘डिस्पोजल’ म्हणून बाजारात आला. कामठीसारख्या छावणीच्या गावांत आणि मुंबईच्या चोरबाजारात जुन्या दुर्बिणी, तोफेची निशाणी लावायच्या नळ्या, होकायंत्रे अशा वस्तू त्यामुळे अजून अधूनमधून दिसतात. इथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये एक म्हातारे टर्नर असली कामे करायचे. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी त्यांच्याजवळ स्टूल टाकून तासन्‌तास बसलो आहे. तिथे जे पाहिले ते सांगतो.

जुनी दुर्बीण आली की चाचा तिला आधी नुसते हातात धरून बसत. लगेच खोलत नसत. आटे गंजले, ग्रीस सुकून दगड झाले, म्हणून जोर लावला की पातळ पितळी नळी चेपते. तेल सोडायचे, थोडी ऊब द्यायची आणि वाट पाहायची. भिंगे काढताना प्रत्येकाच्या कडेवर पेन्सिलीची खूण करायची, कारण एक भिंग उलटे बसले तरी सगळे चित्र धूसर होते. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. तिच्या मुळ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरतात आणि फार दिवस राहिल्या तर काचच खातात.

दुर्बिणीचे पुढचे भिंग दिसायला एक असते, पण बहुधा दोन जातींच्या काचांचे जोडून केलेले असते. एकट्या काचेतून पाहिले तर वस्तूभोवती रंगीत कडा दिसतात. दोन काचांची जोडी त्या घालवते. ही जोडी पूर्वी कॅनडा बाल्सम नावाच्या झाडाच्या डिंकाने चिकटवत. हा डिंक इतका पारदर्शक असतो आणि त्यातून प्रकाश इतका काचेसारखाच वळतो की मधला सांधा दिसतच नाही. पण पन्नास-साठ वर्षांत तो पिवळा पडतो, कडेने सुटू लागतो. मग ती जोडी पाण्यात ठेवून पाणी अगदी मंद आचेवर तापवायचे, डिंक मऊ झाला की काचा सरकवून वेगळ्या करायच्या, साफ करायच्या आणि पुन्हा जोडायच्या. घाई केली की काच तडकते.

दुर्बिणीत उभी-आडवी बारीक रेघ असते ना, निशाणासाठी? जुन्या हत्यारांत ती कोळ्याच्या धाग्याची असे. माणसाला तितका बारीक आणि मजबूत धागा तेव्हा काढता येत नव्हता. तो तुटला तर नवा शोधावा लागे. पितळेचा रंग टिकावा म्हणून त्यावर लाखेचा पातळ हात दिलेला असतो. लाख आपल्या जंगलातलीच. लोक घरी चमकवायच्या नादात पॉलिश घासतात, ती लाख जाते आणि तिच्याबरोबर कोरलेले आकडेही पुसट होतात. जुन्या हत्यारांचे सर्वांत जास्त नुकसान असे प्रेमाने घासणाऱ्यांनी केले आहे.

एक धोक्याची सूचनाही इथेच देतो. महायुद्धाच्या काळातल्या काही लष्करी तबकड्यांवर अंधारात चमकणारा रंग लावलेला असतो. त्यात रेडियम असते. आज तो चमकत नाही म्हणून निर्धोक झाला असे नाही. चमकणारा पदार्थ संपला, पण रेडियम अर्धे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. असा रंग खरवडू नका, त्याची धूळ पोटात जाऊ देऊ नका, मुलांच्या हाती देऊ नका.

आणि हरवलेला भाग? एखादी कडी, एखादे झाकण, एखादा स्क्रू? ते बाजारात मिळत नाहीत. जुने आटे आजच्या मापात बसत नाहीत. मग इंचाला किती आटे आहेत ते मोजून लेथवर तसाच भाग कातावा लागतो. चाचांनी एकदा एका जुन्या दुर्बिणीची कडी कातून बसवली. काम इतके सुबक झाले की मी म्हणालो, “चाचा, थोडा काळपटपणा आणला की कुणाला कळणारही नाही.” ते म्हणाले, “कळलं पायजे ना भाऊ. नवा भाग नवाच दिसला पायजे. उद्या कोणी खोलन, तर त्याले समजलं पायजे का इथं कोनाचा तरी हात लागला.” कडीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी पाहणार नाही तिथे, त्यांनी साल आणि एक छोटी खूण कोरली होती.

मला तेव्हा उर्दू शायरीतली ‘इस्लाह’ची रीत आठवली. इस्लाह म्हणजेही सुधारणा, दुरुस्ती. शागीर्द गझल लिहून उस्तादाकडे नेतो, उस्ताद एखादा शब्द हलवतो, एखादी ओळ सरळ करतो. पण शेवटच्या शेरात नाव शागीर्दाचेच राहते. उस्ताद आपला हात लपवतो, तो नम्रतेने. चाचा आपला हात नोंदवून ठेवत, तो प्रामाणिकपणाने. दोघांचाही हेतू एकच, मूळ वस्तूवर आपला हक्क सांगायचा नाही.

आता याच्या उलट बाजूचा बाजार पाहा. उत्तराखंडातले रुरकी हे मोजणीची हत्यारे बनवण्यासाठी नावाजलेले गाव. तिथे आणि इतरत्रही जुन्या धाटणीच्या पितळी दुर्बिणींच्या नकला बनतात आणि परदेशात जातात. नक्कल करणे हे काही पाप नाही. ज्याला अस्सल वस्तू परवडत नाही त्याने नक्कल जरूर घ्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेत आणि संग्रहालयात मुलांच्या हातात द्यायला नक्कलच हवी. ती कातायलाही तेच कसब लागते. पण त्या दुर्बिणीवर लंडनच्या जुन्या नामांकित कारागिराचे नाव आणि दीडशे वर्षांपूर्वीचे साल कोरलेले दिसले की मला वाईट वाटते. फसणाऱ्या गिऱ्हाइकापेक्षा ती कातणाऱ्या आपल्या कारागिराबद्दल वाटते. इतका सुंदर हात आणि त्याने आपल्या हाताने दुसऱ्याचे नाव कोरायचे! त्याच जागी ‘रुरकी’ असे कोरले आणि खरे साल घातले, तर शंभर वर्षांनी तीच वस्तू अस्सल ठरेल.

आपल्या हातून काय होण्यासारखे आहे? घरात कुणा पणजोबांची लष्करातली दुर्बीण पडली असेल, तर ती पितळेची मोड म्हणून किलोवर देण्याआधी एकदा नीट पाहा. तिच्यावर कोरलेली अक्षरे वाचा, लिहून ठेवा. ती कुणाची, कुठल्या पलटणीतली, कुठे गेली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर उतरवा आणि तो कागद तिच्याच पेटीत ठेवा. दुरुस्त करायला दिली तर काय बदलले तेही त्यात लिहायला सांगा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती परदेशी धाडता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आणि हिंगणघाटला कधी गेलात तर लँबटनच्या कबरीपाशी दोन मिनिटे थांबा. सोबत मुले असतील तर त्यांना ती फळी, त्या पाचरी आणि त्या लाकडी हातोड्या सांगा.

अर्काटच्या त्या घड्याळवाल्यासाठी थांबावे अशी जागा मला माहीत नाही. पुढच्या वेळी झीरो माइलपाशी सिग्नल लागला आणि तो फुटाचा हजारावा भाग आठवला, तर मोहसिन हुसेन हे नाव एकदा मनात घ्या. तेवढीही नोंद पुरेशी आहे.